दुकानदाराआधी रिळाला विचारा

देहूरोडला लष्कराच्या डेपोत नोकरी करणाऱ्याच्या घरी सिनेमाचा कॅमेरा असण्याचं काही कारण नव्हतं. आमच्याकडे तो आला आत्याच्या यजमानांमुळे. ते बोटीवर होते. डेपोच्या कुंपणाच्या आत कॅमेरा न्यायची सोयच नव्हती, म्हणून त्यांनी टिपलं ते सगळं कुंपणाबाहेरचं: क्वार्टरचं अंगण, घोरावडेश्वरचा डोंगर, देहूहून आकुर्डीकडे निघालेली तुकोबांची पालखी, बुद्धविहारासमोरची २५ डिसेंबरची गर्दी. ही सुपर एटची रिळं डिजिटल करून घेताना जे उमगलं, ते असं.

१. दुकानात पहिला प्रश्न येतो, "पेन ड्राइव्हवर देऊ की डीव्हीडीवर?" डबा स्टीलचा की प्लॅस्टिकचा हे कळलं म्हणून आत भाजी कोणती ते कळत नाही. विचारायचं ते वेगळंच असतं. स्कॅन फ्रेमगणिक होणार, की भिंतीवर प्रोजेक्टर लावून त्याचंच शूटिंग? फाइल किती पिक्सेलची, सेकंदाला किती फ्रेमची, कोणत्या कोडेकमधली, म्हणजे चित्र दाबून साठवायच्या कोणत्या पद्धतीतली? उत्तराऐवजी "एकदम एचडी, काका" ऐकू आलं, तर चहा प्यावा आणि पिशवी उचलावी.

२. डीव्हीडी नको. तिचं चित्र ७२० बाय ५७६चं, वेग २५ फ्रेमचा, वर एमपीईजी-टूची दाबादाबी. लग्नाच्या शूटिंगवाल्यांनी वीस वर्षांपूर्वी करून दिलेल्या तबकड्या अनेक घरांत आहेत. हल्लीच्या लॅपटॉपला त्या घालायला खाचही नसते.

३. वेगाचं तेवढं नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. बिनआवाजाची सुपर एट फिल्म साधारणपणे सेकंदाला १८ फ्रेमनं चालते. त्याआधीची साधी आठ मिलीमीटर १६नं. पन्नास फुटी सुपर एट रिळात ३६०० फ्रेम असतात, म्हणजे ३ मिनिटं २० सेकंद. तेच रीळ २५च्या वेगानं पळवलं तर अडीच मिनिटांच्या आत संपतं आणि आमची आजी अंगणातून चार्ली चॅप्लिनसारखी तुरुतुरु पळते. हे टाळायला काही जण मधे-मधे फ्रेम दुप्पट करतात किंवा दोन फ्रेम एकमेकींत मिसळून नवी तयार करतात. एकदा मिसळलेली फ्रेम पुन्हा सुटी होणं कठीण. म्हणून मागणी एकच ठेवायची: फिल्मची एक फ्रेम, फाइलची एक फ्रेम, आणि वेग १८. घरातला टीव्ही अशी फाइल दाखवायला कुरकुरला, तर टीव्हीपुरती वेगळी प्रत काढता येते.

४. फाइली दोन घ्याव्यात, एक ठेवणीतली आणि एक बघायची. बघायची म्हणजे एच.२६४मधली एमपीफोर, मोबाइलपासून टीव्हीपर्यंत कुठेही चालते. पण ती लहान होते ती चित्रातलं काही गाळूनच. फिल्मचा रवा, म्हणजे ग्रेन, सतत थरथरत असतो आणि कोडेकच्या लेखी तो निव्वळ गोंधळ. बिटरेट कमी ठेवला की आधी रवा जातो, मग बारकावे. पालखीच्या रिळात हे ढळढळीत दिसलं. शेकडो पताका, हलणारे टाळ, उडणारी धूळ. नमुन्याच्या फाइलमध्ये त्या गर्दीचे चौकोनी ठोकळे झाले होते. बिटरेट सेकंदाला वीस मेगाबिटपर्यंत वाढवून घेतल्यावर माणसं पुन्हा माणसांसारखी दिसायला लागली. तेव्हा नमुना मागायचा तो गर्दीच्या, पावसाच्या नाहीतर पाण्याच्या दृश्याचा. स्वयंपाकघरात स्थिर बसलेल्या आईचा नमुना कोणत्याही फाइलमध्ये छानच दिसतो.

ठेवणीतल्या प्रतीसाठी मी प्रोरेस एचक्यू घेतली. ती अ‍ॅपलची, पण व्हीएलसीवर विनातक्रार चालते. एका रिळाला दोन-अडीच जीबी लागतात, म्हणजे सगळा खजिना साध्या हार्ड डिस्कच्या कोपऱ्यात मावतो. कणभरही गाळायचं नसेल तर एमकेव्हीमध्ये एफएफव्हीवन मागा. तो खुला कोडेक आहे, कोणा एका कंपनीच्या मर्जीवर नाही. मात्र आपल्याकडच्या बहुतेक दुकानांत त्याचं नाव काढलं की समोरचा आपल्याकडे नुसता बघत राहतो.

एवढा खटाटोप घरच्या रिळांसाठी कशाला, असं मुलगा म्हणाला. त्याला बुद्धविहाराचं रीळ दाखवलं. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी इथे बुद्धमूर्तीची स्थापना केली आणि दरवर्षी त्या दिवशी माणसं लोटतात. आमच्या रिळात सत्तरच्या दशकातली ती गर्दी मिनिटभर आहे, चेहरे ओळखू येतील इतकी जवळून. त्यातला एखादा चेहरा कोणाच्या तरी आजोबांचा असणार. उद्या त्यांची नात शोधत आली, तर तिला ठोकळे दाखवायचे?

५. चित्राचा आकार चार बाय तीन. टीव्ही भरावा म्हणून ताणलं तर सगळे नातेवाईक बुटके आणि रुंद होतात. वरखाली कापलं तर उंच माणसांची डोकी जातात. १४४० बाय १०८०ची फाइल घ्यावी आणि बाजूच्या काळ्या पट्ट्या गोड मानाव्यात. फोरकेचा आग्रह मी धरला नाही. जेमतेम ५.८ बाय ४ मिलीमीटरच्या फ्रेममधून त्यात मुख्यतः रवाच मोठा दिसतो. 'एआय'नं चेहरे गुळगुळीत करून देणाऱ्यांना ठेवणीतल्या प्रतीपासून लांब ठेवा.

६. फिल्मच्या कडेला तपकिरी चुंबकीय पट्टी असेल तर आवाज आहे. तशी सुपर एट १९७३पासून आली. आमच्या रिळांना पट्टी नव्हती, म्हणून दुकानदार बासरी घालणार होता. ती नको म्हटलं. त्याऐवजी आत्याला टीव्हीसमोर बसवून मोबाइलवर तिचं बोलणं रेकॉर्ड केलं. "अरे, ही सायकल आपली नव्हे, शेजारच्यांची. फोटोपुरती मागून आणलेली!" हा आवाज फाइलमध्ये वेगळा ट्रॅक म्हणून जोडता येतो. चित्र हवं तेव्हा पुन्हा मुकं बघता येतं.

७. स्कॅन झाल्यावर रिळं टाकून देऊ नका. जानेवारी २००३मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली होती. ते आठवून कोणी घाबरत असेल तर सांगतो, आठ मिलीमीटर फिल्म नायट्रेटची नसते. तिचा शत्रू दमटपणा. तिचं ॲसिटेट कुजायला लागलं की व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. आपल्याकडचा पावसाळा संपला की डबे उघडून वास घ्यावा. आंबूस निघालेलं रीळ बाकीच्यांपासून वेगळं ठेवावं आणि स्कॅनच्या रांगेत पहिलं लावावं. चांगली रिळं माळ्यावरच्या पत्र्याखाली न ठेवता घरातल्या सगळ्यात थंड, कोरड्या कपाटात ठेवावीत. हार्ड डिस्क दोन घ्याव्यात आणि त्यातली एक दुसऱ्या घरी असावी. आमची आत्याकडे आहे, चाकणला.