तिसरी तारच का तुटते?

प्रश्न : आम्ही गेली बरीच वर्षं टेक्ससमध्ये, डॅलसजवळ राहतो. ह्यांनी निवृत्तीनंतर एक जुनी पेडल स्टील गिटार विकत घेतली. वाद्य गोड आहे, तक्रार नाही. पण त्याची तिसरी तार सारखी तुटते. बाकीच्या नऊ तारा शहाण्यासारख्या राहतात, ही एकच दर पंधरवड्याला ‘टण्ण’ करून जाते. ह्यांचं म्हणणं, हल्ली ताराच भिकार येतात. मुलगा म्हणतो, जाड तार लावा. शिकवायला येणारे गृहस्थ म्हणतात, तेलाचा थेंब टाका. तारेला तेल? तिघांपैकी बरोबर कोण? आणि तुटलेली तार तोंडावर येईल अशी भीती मला वाटते, ती खरी की उगीच?

उत्तर : ताई, तिघांपैकी तेलवाले गृहस्थ खऱ्याच्या सर्वांत जवळ आहेत. पण त्यांचं का पटावं हे कळण्यासाठी आधी हे वाद्य तारेला काय करायला लावतं ते पाहू.

आपल्याकडे ‘कॉल ऑफ द व्हॅली’मधली ब्रिजभूषण काब्रांची गिटार अनेकांनी ऐकलेली असते. ती आडवी ठेवून, तारांवरून पोलादी कांडी सरकवून वाजवतात. पेडल स्टील याच हवाईयन घराण्यातली, फक्त तिला चार पाय आहेत, खाली पायानं दाबायची पेडलं आहेत आणि गुडघ्यानं ढकलायच्या दांड्या आहेत. पेडल दाबलं की ठरलेल्या एकदोन तारा आपोआप अर्ध्या किंवा एका सुरानं चढतात, बाकीच्या होत्या तिथेच राहतात. १९५४ साली गाजलेल्या वेब पिअर्स यांच्या ‘स्लोली’ या गाण्यात बड आयझॅक्स यांनी वाजता वाजता पेडल दाबून सूर असा वाकवला, आणि नॅशव्हिलच्या झाडून साऱ्या वादकांना आपल्या गिटारीलाही पेडलं हवीशी झाली. सतारिया तार बाजूला खेचून मींड काढतो. इथे तेच काम पाय करतो. तारेला मात्र दोन्हीकडे ताणच सोसावा लागतो.

आता तिसऱ्या तारेकडे येऊ. साधी गिटार वाजवणाऱ्याला वाटतं की पहिली तार सर्वांत बारीक आणि सर्वांत उंच सुराची. पेडल स्टीलवर ज्या मांडणीला ई-नाइन म्हणतात, तिच्यात हे खरं नाही. तिथे सर्वांत उंच सूर तिसऱ्या तारेचा असतो. आपल्या भाषेत सांगायचं तर मधल्या सप्तकातली काळी चार. पेडल दाबलं की ती पांढरी सहाला जाते. पहिली आणि दुसरी तार तिच्याहून खालच्या सुराची आणि जाड. (तारांचा नवा संच लावताना पाकिटावरचे आकडे न बघता सवयीनं सर्वांत बारीक तार पहिल्या जागी लावणारे महाभाग असतात. तुमच्याकडे तसं झालेलं नाही ना, एवढं पाहून घ्या.)

ही तिसरी तार ०.०११ इंच जाडीची, म्हणजे पाव मिलिमीटरहून किंचित जास्त. तिची वाजती लांबी साधारण सव्वाचोवीस इंच. एवढ्या लांबीत काळी चार मिळवायची तर तारेवर सुमारे १३ किलोचा ताण द्यावा लागतो. पेडल दाबलं की तो साडेचौदा किलोच्या आसपास जातो. ऐकायला फार वाटत नाही, पण तारेच्या जाडीच्या हिशेबात पाहिलं तर साध्या गिटारीच्या पहिल्या तारेपेक्षा हा भार जवळपास १.४ पट आहे, तोही पेडल न दाबता. पोलादाची उत्तम तार जिथे तुटते त्या मर्यादेच्या पाऊण हिश्शाच्या आसपास ही बिचारी नुसती बसल्या जागी असते. पेडल दाबलं की आणखी १२ टक्के वर. दुसरी कुठलीही तार इतक्या काठावर जगत नाही. तेव्हा ह्यांनी तारांच्या कंपनीला शिव्या देणं थांबवायला हरकत नाही. खराब तार एखाद्या वेळी हाती येते, पण खराब माल नेमका तिसऱ्याच जागी जाऊन बसत नाही.

मग मुलाचा उपाय? जाड तार जास्त मजबूत, हे कुणालाही पटेल. पण जाड तार जडही असते, आणि जड तारेतून तोच सूर काढायचा तर तिला तेवढंच जास्त ताणावं लागतं. ०.०१२ इंचाची तार लावली तर तिचं क्षेत्रफळ १९ टक्क्यांनी वाढेल, आणि लागणारा ताणही बरोबर १९ टक्क्यांनी : १३ किलोच्या जागी १५ किलोंहून जास्त. हिशेब जिथल्या तिथे. तारेच्या प्रत्येक कणावर येणारा भार सूर आणि लांबी यांवर ठरतो, जाडीवर नाही. उलट पोलादाची तार जितकी बारीक ओढावी तितकी जाडीच्या मानानं थोडी अधिक चिवट होते, आणि वाकवताना जाड तारेला त्रास जास्त होतो. आवाज भरदार हवा म्हणून जाड तार लावणारे वादक आहेत, ती आवडीची गोष्ट. तुटू नये म्हणून लावण्यात अर्थ नाही.

तरीही एक प्रश्न उरतो. मर्यादेच्या आत आहे तर तार तुटते का? कारण नुसता ताण तिला मारत नाही, वाकणं मारतं. वाद्याच्या उजव्या टोकाला, जिथे साध्या गिटारीला घोडी असते, तिथे हिला ‘चेंजर’ नावाची यंत्रणा असते. प्रत्येक तारेसाठी त्यात ॲल्युमिनियमचं एक बोट, वर गोलसर घडवलेलं. तार त्या गोलाईवरून खाली उतरते आणि तिच्या टोकाचा पितळी मणी आत अडकतो. पेडल दाबलं की बोट मागे झुकतं आणि तारेला ओढतं. त्या वेळी गोलाईच्या माथ्यावरचा तारेचा इवलासा तुकडा सरळ असतो तो वाकतो, पेडल सोडलं की वाकलेला असतो तो सरळ होतो. एका संध्याकाळच्या वाजवण्यात हे शेकडो वेळा. बांधकामावरची बाइंडिंगची तार पुढेमागे वाकवून तोडतात ना, तसंच हे, फक्त फार हळू आणि तेही तार ताणलेली असताना. धातू त्या एकाच जागी थकतो, बारीक तडा जातो, आणि एक दिवस ‘टण्ण’.

म्हणून माझी पहिली विनंती : तुटलेली तार फेकू नका. मण्याकडचा तुकडा काढून घ्या आणि मण्यापासून किती अंतरावर तुटली ते पाहा. मग चांगल्या उजेडात भिंगाखाली टोक धरा. टोक सपाट, कापल्यासारखं असेल आणि तार शेवटपर्यंत तेवढीच जाड असेल, तर ती थकून तुटली. टोकाशी तार निमुळती होत गेलेली दिसली, तर ती ओढून तुटली, म्हणजे कुणीतरी खुंटी गरजेपेक्षा जास्त पिळली. तीनचार तुकडे एका कागदावर चिकटपट्टीनं ओळीत लावून ठेवलेत तर निदान जवळपास आपोआप होतं.

तुटण्याची जागा बोटाच्या माथ्याशी जुळत असेल, आणि जुन्या वाद्यात बहुधा तसंच निघतं, तर तार उतरवून त्या माथ्यावरून नख फिरवा. पोलादाची तार वर्षानुवर्षं ॲल्युमिनियमवर घासून तिथे चर पाडते. नख अडकलं की समजावं, तार त्या चरात अडकून एकाच ठिकाणी मोडते आहे. अगदी बारीक पॉलिश पेपरनं, तारेच्या दिशेनं, हलक्या हातानं तो चर घालवावा आणि वर धातूच्या पॉलिशनं चकाकी आणावी. हलक्या हातानं हे महत्त्वाचं. जास्त घासलं तर ती तार शेजारणींपेक्षा खाली बसेल, आणि वरची कांडी दहाही तारांवर सपाट टेकायची असते. चर खोल असेल तर हे काम माहीतगाराकडेच द्या.

आता तेल. माथा गुळगुळीत असला की तार त्याच्यावर किंचित सरकू शकते आणि वाकण्याचा त्रास थोड्या जास्त लांबीत वाटला जातो. थेंबभर पातळ तेल हेच सोपं करतं. शिलाई मशीनचं तेल चालेल. टाचणीच्या टोकावर घेऊन तारेखाली माथ्यावर लावायचं, बस्स. तेलानं आवाज बसतो असं काही जण सांगतात. वाजत्या भागावर तेल फासलं तर बसेलही, पण माथ्यावरच्या थेंबाचा त्याच्याशी संबंध नाही.

तार मण्याला लागूनच तुटत असेल तर तिथला पीळ माथ्यावर चढत नाही ना ते बघा. डाव्या टोकाला तुटत असेल तर तिथल्या नटवरची, म्हणजे तारा ज्या आधारावर टेकतात त्याच्यावरची, चिमुकली चाकं बोटानं फिरवून पाहा. एखादं जाम झालं असेल तर तार त्याच्यावर करवतीसारखी घासते, आणि पेडल सोडल्यावर सूरही नीट जागेवर येत नाही. खुंटीशी तुटली तर भोकाच्या कडेला धार आलेली असते.

एक खूण मात्र लक्षात असू द्या. तिसरी तार वर्षातून पुष्कळदा बदलावी लागणं हा या वाद्याचा स्वभाव आहे. नियमित वाजवणारे लोक ती तुटायची वाट बघत नाहीत, कार्यक्रमाच्या आधीच बदलतात. पण उद्या पाचवी तार वरचेवर तुटायला लागली तर ते स्वभावात बसत नाही. तीही पेडलनं चढते, चांगली पूर्ण सुरानं, आणि वापरात सर्वांत जास्त तीच असते. तरी चढलेल्या सुरातही तिच्यावरचा भार तिसरीच्या निम्म्याहून कमीच असतो. ती तुटते तेव्हा दोष यंत्रात असतो, तिथे तेल टाकत बसू नये.

तुमची भीती अगदीच उगीच नाही. वाजवताना तार चेंजरपाशी तुटली तर तुकडा बहुधा तिथल्या तिथे उसळून पडतो आणि वादकाला दचकवण्यापलीकडे काही करत नाही. धोका तार चढवताना असतो, कारण तेव्हा माणूस वाकून, डोळे जवळ नेऊन खुंटी पिळत असतो आणि तारेवर तेरा किलोंचा ताण चढत असतो. तेवढ्या वेळेपुरता ह्यांना चष्मा घालायला लावा, आणि नातवंडं जवळ असतील तर त्यांना दुसऱ्या खोलीत पाठवा.