खापर थंडीवर, करणी उन्हाळ्याची

प्रश्न : मी निफाडजवळ राहतो. डिसेंबर लागला की माझी डिझेल गाडी पहाटे 'कर्र… कर्र…' करून गप्प बसते. दुपारी तीच एका सेल्फमध्ये सुरू होते. थंडीने बॅटरी खराब झाली का? शेजारी म्हणतात, रोज सकाळी दहा मिनिटे जागेवरच चालू ठेव.

उत्तर : निफाडचा पारा पाच अंशांखाली उतरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, तिथे बॅटरी कुरकुरली तर नवल नाही. गारठ्यात बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते. शून्य अंशाला तिची साधारण पाचवा हिस्सा ताकद कमी होते. त्याच वेळी इंजिन ऑइल घट्ट होते, म्हणजे इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो. दुपारी दोन्ही अडचणी सरतात आणि गाडी शहाण्यासारखी वागते.

पण धडधाकट बॅटरी एवढ्या थंडीला दाद देत नाही. सिमल्यातही लोक सकाळी गाड्या काढतातच. तुमची बॅटरी बहुधा मे महिन्यातच खचली. बॉनेटखालच्या उष्णतेने तिच्यातले पाणी उडते, प्लेटा झिजतात. उन्हाळ्यात इंजिन सहज फिरते म्हणून ते झाकून राहते, एवढेच.

शेजाऱ्यांचा सल्ला प्रेमाचा, पण डिझेल जाळणारा. जागेवर चालू इंजिन बॅटरी फारशी भरत नाही. त्यात दिवे आणि ब्लोअर लावले तर विचारूच नका. अर्धा मिनिट थांबा आणि पहिले दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवा. इंजिन तसेच लवकर तापते.

आता बॉनेट उघडा. टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी साचली असेल तर वीज तिथेच अडते. आधी वजा खुणेची वायर काढा आणि बसवताना ती शेवटी बसवा, नाहीतर पाना बॉडीला टेकून ठिणगी उडेल. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासा. डोळे आणि कपडे जपा, त्या भुकटीत आम्ल असते. आणखी एक : चावी फिरवल्यावर दिसणारा ग्लो प्लगचा, वेटोळ्याचा पिवळा दिवा विझेपर्यंत सेल्फ मारू नका. पहाटेच्या घाईत निम्मे लोक तिथेच चुकतात.

एवढे करूनही कुरकुर राहिली, तर बॅटरी पूर्ण चार्ज करून गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी मीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवले तर गॅरेजवाल्याकडून ग्लो प्लग आणि स्टार्टर तपासून घ्या. १२.२ किंवा त्याहून खाली आले आणि बॅटरी चार वर्षांची असेल, तर नवीच घ्या.