धाग्यांनी सावरलेले छत

इटलीतील असिसी या गावी संत फ्रान्सिस यांचे प्राचीन प्रार्थनामंदिर आहे. २६ सप्टेंबर १९९७ रोजी मध्यरात्रीनंतर तेथे भूकंप झाला. झालेली हानी पाहण्यास सकाळी काही जण आत गेले असता दुसरा धक्का बसला. विटांच्या कमानदार छताचा काही भाग कोसळून चौघे प्राणास मुकले.

वीटकाम दाब उत्तम सोसते. ताण मात्र फारसा सोसत नाही. ताण पडताच सांध्यांत भेगा पडतात. म्हणून स्थापत्यविशारदांनी, आतील चित्रांस इजा न करता, छताच्या वरच्या अंगास ॲरामिड नावाचे चिवट धागे व कृत्रिम राळ यांच्या फासळ्या बसविल्या. आता दाब विटा सोसतात, ताण धागे सोसतात. १९९९ मध्ये मंदिर पुन्हा उघडले.

एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढली, की दोघेही टिकतात.