ज्ञानेश्वरी, अध्याय ९ : धृतराष्ट्र ‘उगाच’ बसला होता का?



आजचं वाचन आहे नवव्या अध्यायाचा शेवट. आज तत्त्वज्ञान थोडं बाजूला ठेवूया आणि एकाच शब्दावर थांबूया. शब्द साधा आहे, आपण दिवसातून दहा वेळा वापरतो : उगाच.

गेल्या आठवड्यात मुरबाड तालुक्यातल्या आमच्या गावी हरिनाम सप्ताह होता. पारायणात वाचायला माझा नंबर आला तो नेमका इथेच. भगवंतांनी अर्जुनाला सांगितलं, मन माझ्याठायी ठेव, माझा भक्त हो, मला नमस्कार कर. एवढं झाल्यावर माउली आपल्याला कुरुक्षेत्रावरून उचलून थेट हस्तिनापुरात नेतात. संजय हे सगळं ज्याला सांगतोय तो म्हातारा राजा काय करतोय? माउली म्हणतात, पुराच्या पाण्यात बसलेली म्हैस जशी उठता उठत नाही, तसा तो बसून आहे. आणि तिथे शब्द येतो, ‘उगाचि’.

वाचून झाल्यावर शेजारी बसलेल्या चुलतभावंडांना मी मोठ्या तोऱ्यात अर्थ सांगितला, “म्हणजे तो विनाकारण बसला होता. टाइमपास.”

खांबाला टेकलेली आजी म्हणाली, “विनाकारन नाय गं पोरी. उगाच म्हंजे गप. लहानपनी तू रडायचीस तवा मी काय म्हनायची? उगी, उगी.”

खरं सांगते, एवढी वर्षं हे डोक्यात आलंच नव्हतं. ‘उगी उगी’ आणि ‘उगाच’ हे एकाच घरचे शब्द आहेत!

घरी येऊन शोधलं. ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे इ.स. १२९०. त्या मराठीत उगा, उगला म्हणजे स्तब्ध, निःशब्द. मोल्सवर्थच्या १८५७च्या कोशात दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदताना दिसतात : गप्प आणि विनाकारण. म्हणजे दुसरा अर्थ मोबाइल आल्यावरचा नाही, तोही जुनाच. पण आज आपल्या शहरी बोलण्यात एकटा तोच उरला. “उगाच आलास”, “उगाच खर्च केला”, “उगाच टेन्शन घेतेस”. पहिला अर्थ आजीच्या पिढीकडे राहिला, आणि तान्ह्या बाळाच्या वाट्याला आला.

अर्थ असा सरकतो कसा? मला वाटतं, वाट साधी असावी. आधी ‘गप्प बसलाय’. मग ‘नुसता बसलाय’. मग ‘काही काम नसताना बसलाय’. मग ‘कारण नसताना’. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीला लागूनच आहे, म्हणून कुणाला घसरल्याचं कळत नाही.

इंग्रजी माध्यमवाल्यांसाठी एक जोडीदार उदाहरण देते. इंग्रजीत ‘प्रेझेंटली’ असं एक क्रियाविशेषण आहे. १६११च्या किंग जेम्स बायबलमध्ये, मत्तयाच्या २१व्या अध्यायात, येशूच्या शब्दानं अंजिराचं झाड वाळतं आणि तिथे ‘प्रेझेंटली’ म्हटलंय. अर्थ : तत्क्षणी. पुढे त्याच शब्दाचा अर्थ झाला ‘थोड्या वेळानं’. आणि आज आपण बायोडेटात लिहितो तेव्हा अर्थ असतो ‘सध्या’. जुनं पान आजच्या अर्थानं वाचलं, तर झाड हळूहळू वाळलं असं वाटेल आणि गोष्टीतला चमत्कारच निघून जाईल. ‘तत्क्षणी’चं ‘थोड्या वेळानं’ कसं झालं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. “आलोच, पाच मिनिटांत” म्हणणारा मित्र किती वाजता येतो, ठाऊक आहेच की! माणसं जशी वागतात, तसा शब्दाचा भाव उतरत जातो.

म्हणून पोथी वाचताना अनोळखी शब्दापेक्षा ओळखीचा शब्द जास्त फसवतो. अनोळखी शब्दाला आपण थांबतो, अर्थ विचारतो. ओळखीच्या शब्दावरून सरळ पुढे जातो.

आता योग्य अर्थ धरून पुन्हा वाचूया. धृतराष्ट्र विनाकारण बसलेला नाही. तो गप्प आहे. इकडे संजय आश्चर्यानं मान हलवतोय : एवढा अमृताचा पाऊस पडला, आणि हा इथे असूनही जणू शेजारच्या गावाला निघून गेलाय!

आमच्या काळू नदीला पावसाळ्यात पूर येतो तेव्हा हे चित्र डोळ्यांनी बघता येतं. माणसं काठावरून हाका मारतात, काठ्या आपटतात, आणि म्हैस पाण्यात सुखानं बसलेली असते. तिला पाणी थंड लागतं एवढंच तिला कळतं.

मग प्रश्न येतो, गप्प राहणं हा तर सद्गुण ना? गीतेत त्याचीही उत्तरं आहेत, आणि ती एकसारखी नाहीत. दुसऱ्या अध्यायाच्या नवव्या श्लोकात अर्जुन “मी लढणार नाही” म्हणून गप्प होतो. तिथे संस्कृत शब्द आहे ‘तूष्णीम्’, तोही क्रियाविशेषणासारखा वापरलेला. ते खचलेल्या माणसाचं गप्प होणं. पण त्या गप्प होण्यात कान उघडे आहेत, म्हणून पुढची गीता घडली. सतराव्या अध्यायात तपाचे प्रकार येतात. वाणीचं तप पंधराव्या श्लोकात आहे. मला वाटायचं, मौन तिथेच असणार. नाही! मौन येतं सोळाव्यात, मनाच्या तपात. म्हणजे तोंड मिटलं की मौन झालं असं गीता म्हणत नाही. आत काय चाललंय त्यावर ते ठरतं.

बाहेरून तिघंही सारखेच दिसतात : अर्जुन, तपस्वी आणि धृतराष्ट्र. तिघंही ‘उगे’.

इथे मला स्वतःचं एक सांगायचंय. सांगायला बरं वाटत नाही, पण चिंतन लिहायचं आणि हे लपवायचं, तर ते चिंतन कसलं?

सप्ताहाच्या महिनाभर आधी घरी बैठक झाली. आजोबा गेल्यावर जमिनीचे कागद करायचे राहिले होते. बाबा, दोन्ही काका आणि शहापूरहून आत्या. मुद्दा एकच, आत्यानं हक्कसोडपत्रावर सही करावी. कुणी आवाज चढवला नाही. “सगळ्याच बहिणी करतात”, “तुला माहेर तुटणार आहे का?” असं गोड गोड चाललं होतं. २००५च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा मुलाएवढाच वाटा असतो, हे त्या खोलीत निदान मला तरी माहीत होतं. आत्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइलमध्ये बघत राहिले.

नंतर मी स्वतःला समजावलं, मोठ्यांच्या मध्ये बोलू नये, साधकानं वादात पडू नये, मौन बरं. त्या दिवशीच्या माझ्या डायरीत ‘आज मौन साधलं’ असं लिहिलंय. खरंच लिहिलंय.

आजीनं अर्थ सांगितला आणि ते पान आठवलं. तो सतराव्या अध्यायातला सोळावा श्लोक नव्हता. पाणी थंड लागत होतं, म्हणून मी उठले नव्हते.

सप्ताह संपल्यावर कल्याणला परतण्याऐवजी सरळगावहून किन्हवलीमार्गे शहापूर गाठलं. आत्या अंगणात भात पाखडत होती. मी म्हटलं, “आत्या, त्या दिवशी मी गप्प बसले, ते चुकलं.” पुढचं बोलता येईना, रडूच आलं. तिनं सूप खाली ठेवलं, पाठीवर हात फिरवत म्हणाली, “उगी, उगी.” आणि थोड्या वेळानं, “पुढच्या टायमाला मात्र उगी बसू नको.”

सही अजून झालेली नाही. बाबांशी माझं बोलणं झालं. ते दुखावलेत, नीट बोलत नाहीत. जमिनीचं काय होईल, आत्या शेवटी काय ठरवेल, तो तिचा निर्णय. पण पुढच्या बैठकीत मी तिच्या शेजारी बसणार आहे, आणि मला जे माहीत आहे ते बोलणार आहे.

आजचा छोटा अभ्यास :

१. आज पाच मिनिटं उगी बसा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. ‘विनाकारण’ वाटलं तरी चालेल, शब्दाचा जुना अर्थ शरीराला परत शिकवायचाय.

२. मग आठवा, या महिन्यात मी कुठे गप्प राहिले किंवा राहिलो? ते अर्जुनासारखं होतं, ऐकायला तयार? मनाच्या तपासारखं? की पुरातल्या म्हशीसारखं?

३. तिसरं उत्तर आलं, तर ज्या माणसानं तेव्हा आपल्याकडे पाहिलं होतं, त्याला आज एक फोन करा. ‘आत्ता करते’ म्हणू नका, त्या शब्दाचं काय होतं ते वर पाहिलंच आहे.

उद्या दहावा अध्याय सुरू करू.

राम कृष्ण हरी.