रक्ताचा शिथिलनकाल : एमआरआयमागील एक मोजमाप



एमआरआय यंत्रावरील खर्च आपण अहवालाच्या आर्थिक विभागात पाहताच. ते यंत्र नेमके काय मोजते, हे वाणिज्य शाखेच्या माझ्यासारख्यास जसे उमगले, तसे येथे मांडीत आहे.

रक्तात पाण्याचा अंश मोठा असतो. त्यातील हायड्रोजनची केंद्रके प्रबळ चुंबकीय क्षेत्रात सूक्ष्म चुंबकांप्रमाणे वागतात. रेडिओलहरींनी ती विचलित केली की हळूहळू पूर्वस्थितीस येतात. या परतीचा काळ दर्शविणारे माप म्हणजे ‘टी-वन’. केंद्रकांचा परस्परांतील ताल सुटून संकेत मावळण्याचे माप म्हणजे ‘टी-टू’.

प्राणवायूयुक्त व प्राणवायूविरहित हिमोग्लोबिनचे चुंबकीय गुणधर्म भिन्न असतात, हे लायनस पॉलिंग व चार्ल्स कोरिएल यांनी १९३६ साली दाखविले. म्हणूनच नीलांतील रक्ताचा टी-टू धमन्यांतील रक्तापेक्षा कमी भरतो. टी-वन मात्र मुख्यत्वे तांबड्या पेशींच्या प्रमाणावर अवलंबून असतो; पेशी कमी, तर टी-वन अधिक. प्रयोगशाळेत हे मोजताना रक्त ३७ अंश सेल्सिअसवर राखावे लागते आणि पेशी तळाशी बसू नयेत म्हणून खेळते ठेवावे लागते.

याचा रुग्णाशी संबंध काय? मेंदूचा रक्तपुरवठा औषध न टोचता मोजण्याच्या एका पद्धतीत मानेतून वर जाणाऱ्या रक्तावर चुंबकीय खूण केली जाते. ती टी-वननुसार पुसट होत जाते. हिशेबाच्या भाषेत हा घसाराच. ३ टेस्ला यंत्रासाठी २०१५ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत टी-वन १६५० मिलिसेकंद धरला आहे. त्यानुसार १८०० मिलिसेकंदांनंतर सुमारे एक तृतीयांश खूण उरते.

विदर्भात व नंदुरबारकडे आढळणाऱ्या सिकलसेल आजारात तांबड्या पेशी कमी असल्याने टी-वन सहसा याहून अधिक असतो. म्हणजे प्रत्यक्ष घसारा कमी, पण हिशेबात जास्त धरलेला. परिणामी रक्तपुरवठा खऱ्यापेक्षा अधिक दिसतो. पक्षाघाताचा धोका असलेल्या बालकाच्या बाबतीत ही चूक क्षुल्लक नव्हे. यावर उपाय म्हणजे त्या बालकाचा टी-वन त्याच्या तांबड्या पेशींच्या प्रमाणावरून काढणे अथवा प्रत्यक्ष मोजणे.

म्हणून आप्तजनांस विनंती की, तपासणीस येताना रक्ताचा अलीकडील अहवाल व रक्त चढविल्याची तारीख सोबत आणावी. आपल्या देणगीतून यंत्र उभे राहते. त्यातून येणारा आकडा खरा ठरण्यास या कागदाचाही हातभार लागतो.