कळसूबाईपेक्षा ठेंगणा डोंगर

मी नाशिकची. कॉलेजची पाच वर्षं रविवार उजाडला की सॅक पाठीवर. कळसूबाई चार वेळा झाली होती, त्यातली एकदा भर श्रावणात, शिड्यांवरून पाणी वाहत असताना. त्यामुळे एम.एस्सी.साठी ग्लासगोला गेले तेव्हा सामानात पुस्तकांच्या आधी ट्रेकिंगची सॅक भरली होती. ब्रिटनमधला सगळ्यांत उंच डोंगर बेन नेव्हिस, उंची 1345 मीटर, हे वाचलं आणि मनात पहिला विचार आला, की आपली कळसूबाई 1646 मीटर! म्हणजे हा तीनशे मीटरने ठेंगणाच. त्या एका तुलनेने आम्हा तिघांचा जीव धोक्यात घातला. आज दरवर्षी आपल्याकडची मुलं मुली तिकडे शिकायला जातात आणि त्यांतले पुष्कळजण सह्याद्रीत वाढलेले असतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

नोव्हेंबरचा पहिला शनिवार. मी, माझ्यासोबत राहणारी नागपूरची मैत्रीण आणि वर्गातला एक केरळी मित्र, असे आम्ही सकाळच्या पहिल्या बसने निघालो. फोर्ट विल्यमला पोहोचायला तीन तासांहून जास्त लागले. तिथे चहा, खाणं, मग ग्लेन नेव्हिसच्या दरीपर्यंत चालत जाणं. प्रत्यक्ष चढायला लागलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. अंगात जीन्स, सुती टी-शर्ट, त्यावर हुडी आणि आपल्याकडच्या पावसाळी ट्रेकसाठी घेतलेलं पातळ विंडचीटर. पायात धावण्याचे बूट. नकाशा मोबाइलमध्ये, टॉर्चही मोबाइलचाच.

त्या आदल्याच रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे गेली होती. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार आला की दरवर्षी जातात. दिवस साडेचारच्या सुमारास मावळणार होता. फोर्ट विल्यम साधारण 57 अंश उत्तरेला येतं, नाशिक 20 अंशांवर. हा फरक भूगोलाच्या पेपरात मी नक्की लिहिला असता. डोंगरावर जाताना तो एकदाही डोक्यात आला नाही.

वाट सुरुवातीला छान बांधलेली आहे, दगडी पायऱ्यांची. अर्ध्यावर एक छोटं तळं लागतं. तिथे पोहोचलो तेव्हा सव्वा वाजला होता. एक वयस्कर जोडपं खाली उतरत होतं. काकांनी थांबून सांगितलं, वर ढग उतरलाय आणि उजेडही फार उरलेला नाही. आम्ही हसून आभार मानले आणि पुढे निघालो. त्या क्षणी मागे फिरलो असतो तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती.

ओढा ओलांडून वळणांची चढण सुरू झाली. आधी भुरभुर पाऊस, मग पावसाचं बर्फ. जीन्स मांडीला चिकटली, दगडासारखी जड झाली. पावणेतीनच्या सुमारास माथ्याच्या पठाराच्या कडेला आलो आणि वारा असा अंगावर आला की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. जमीन पांढरी, आभाळ पांढरं, मधली रेषाच नाही. मागे वळून पाहिलं तर आमच्याच पावलांचे ठसे बुजलेले. मोबाइल काढला, बॅटरी 46 टक्के होती. नकाशा उघडेपर्यंत पडदा काळा झाला. थंडीत बॅटरी अशी अचानक मान टाकते, हे मला माहीतच नव्हतं.

तेव्हाचं एक दृश्य अजून डोळ्यांपुढून हलत नाही. मैत्रिणीच्या हातात चॉकलेट होतं आणि तिला त्याचा कागद फाडता येत नव्हता. दोन्ही तळव्यांत वडी धरून ती दातांनी कागद ओढत होती, बोटं वळतच नव्हती. मी हात पुढे केला तर म्हणाली, “राहू दे गं.” हे शब्द जिभेवर सूज आल्यासारखे जड निघाले. मग ती म्हणाली, “मी इथेच जरा बसते.” मगाचपासून कुडकुडणारी ती आता कुडकुडत नव्हती. मला वाटलं, बरं झालं, थंडी कमी झाली. खरं तर ते सगळ्यांत वाईट लक्षण होतं. शरीराचं तापमान फार घसरलं की अंग थरथरणं थांबतं, बोलणं अडखळतं, पाय अडखळतात आणि माणसाला फक्त बसावंसं वाटतं. तो बसला की उठणं कठीण.

नशिबाने वरून दोन बायका होकायंत्र हातात धरून येताना दिसल्या. दोघी पन्नाशीच्या असाव्यात. त्यांनी काही विचारलं नाही. एकीने सॅकमधून नारिंगी रंगाचा मोठा पातळ तंबूसारखा कपडा काढून आम्हा पाचजणांवर पांघरला. वारा तुटला तशी आत लगेच ऊब जाणवली. मैत्रिणीची ओली हुडी काढून तिला कोरडं जाकीट, टोपी आणि हातमोजे घातले, थर्मासमधला गोड चहा घोट घोट पाजला. मग एकीने होकायंत्रावर डोळा ठेवून पावलं मोजत चालायला सुरुवात केली आणि आम्ही तिच्या मागे एका ओळीत. खाली दरीत पोहोचलो तेव्हा सात वाजून गेले होते आणि शेवटचे अडीच तास आम्ही त्यांच्या डोक्यावरच्या टॉर्चच्या उजेडात चाललो होतो.

नंतर हॉटेलात सूप पिताना त्यांनी नकाशा उलगडून दाखवला. बेन नेव्हिसच्या उत्तरेला 700 मीटरचे कडे आहेत आणि माथ्यालगत घळी त्या कड्यांत उतरतात. धुक्यात उतरताना शिखरावरच्या मोजणीच्या खांबापासून नकाशाच्या जाळीप्रमाणे 231 अंशांवर 150 मीटर जायचं आणि मग 282 अंशांवर वळायचं. पहिली दिशा चुकली तर उत्तरेची घळ, दुसरी डावीकडे सरकली तर ‘फाइव्ह फिंगर गली’. दोन्हीकडे माणसं गेली आहेत. आम्ही त्या पठारावर नकाशाशिवाय उभे होतो.

मग मी माझं गणित नव्याने मांडलं. बेन नेव्हिसची वाट समुद्रसपाटीला जवळजवळ लागूनच सुरू होते, म्हणजे चढाई पुरी तेराशे मीटरची. कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गावच आधी शेकडो मीटर उंचावर आहे. शिखराचा आकडा मोठा, पण पायांना पडणारी चढण कमी. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथने 1892 मध्ये एक साधा हिशेब सांगितला, तो आजही वापरतात. दर पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर 600 मीटर चढाईला एक तास. जाऊन-येऊन सुमारे 16 किलोमीटर आणि 1300 मीटर धरले तर न थांबता जवळजवळ साडेपाच तास होतात. थांबे, फोटो, बर्फ आणि नवखे पाय धरून सात ते नऊ तास ठेवावेत. आम्ही पाच तासांच्या उजेडात निघालो होतो. ही पहिली चूक.

दुसरी चूक पावसाची. आपल्याकडे पावसाळी ट्रेकला भिजणं हीच मजा. पाऊस कोमट असतो, खाली उतरून भजी-चहा झाला की अंग सुकतं. तिकडे दर हजार मीटरला तापमान सहा-सात अंशांनी उतरतं. गावात 8 अंश असले तर माथ्यावर शून्याच्या आसपास, त्यात ताशी 60 किलोमीटरचा वारा असला की अंगाला उणे नऊ-दहा लागतात. अशा हवेत ओला सुती कपडा ऊब देत नाही, उलट अंगातली ऊब शोषून घेतो.

तिसरी चूक सांगायला मला सगळ्यांत जड जातं. आम्ही कुठे आहोत हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. आई काळजी करेल म्हणून मी तिला सकाळी सांगितलं होतं, आज दिवसभर लायब्ररीत आहे, फोन बंद असेल. त्या दोघी भेटल्या नसत्या तर आमचा शोध सोमवारी वर्गातल्या गैरहजेरीने सुरू झाला असता.

म्हणून जाणाऱ्यांनो, एवढं करा.

पहिल्या महिन्यातच विद्यापीठाच्या गिर्यारोहण क्लबात नाव घाला. अनेक क्लब मिनीबसने शनिवार-रविवार डोंगरावर नेतात, सामान भाड्याने देतात आणि सोबत वाट माहीत असलेली माणसं असतात. डोंगर पायरीपायरीने घ्या. ग्लासगोत असाल तर आधी लॉक लोमंडकाठचा 361 मीटरचा कॉनिक हिल, मग 974 मीटरचा बेन लोमंड. बेन नेव्हिस जून-जुलैसाठी ठेवा, तेव्हा उजेड रात्री दहापर्यंत असतो. हिवाळ्यात जायचंच असेल तर आइस-ॲक्स आणि क्रॅम्पॉन (बुटाखाली लावायचे काटे) वापरायला आधी शिका. एव्हिमोरजवळच्या ग्लेनमोर लॉजमध्ये असे वर्ग चालतात.

हवामान शहराचं पाहू नका, डोंगराचं पाहा. ‘माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिस’ रोज डोंगरमाथ्यांचा वारा, ढग आणि तापमान सांगते. हिवाळ्यात हिमकडे कोसळण्याच्या धोक्याचा अंदाज वेगळा मिळतो, तोही वाचा.

जीन्स आणि सुती कपडे खोलीवर ठेवा. अंगालगत लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, वर फ्लीस, त्यावर पाणी न झिरपणारं जाकीट आणि तशीच पँट. टोपी, हातमोज्यांचे दोन जोड, हेडटॉर्च, शिट्टी, छापील नकाशा, होकायंत्र आणि गरज पडल्यास आत शिरून बसता येईल अशी सर्व्हायव्हल बॅग. हे सगळं नवं घ्यावं लागत नाही. होकायंत्र मात्र नुसतं जवळ असून भागत नाही, स्वच्छ उन्हात बागेत सराव करून घ्या.

अडचणीत सापडलात तर 999 किंवा 112 लावा, आधी पोलीस मागा, मग ‘माउंटन रेस्क्यू’ हवं म्हणा. रेंज कमी असेल तर 999 ला संदेश पाठवता येतो, पण त्यासाठी घरूनच ‘रजिस्टर’ हा इंग्रजी शब्द त्या नंबरला पाठवून नोंदणी करावी लागते. आजच करून ठेवा. शिट्टीचे किंवा टॉर्चचे मिनिटात सहा इशारे, मग एक मिनिट थांबणं, पुन्हा सहा, ही मदतीची खूण. तीन इशारे आले तर समजा, ऐकलंय. बोलावायला संकोच करू नका. तिथली बचावपथकं स्वयंसेवकांची आहेत, आपापली कामं सोडून येतात आणि एक पैसाही घेत नाहीत. त्यामुळेच विनाकारण त्यांना अंधारात बाहेर काढू नये, ही जबाबदारी आपली.

आणि मागे फिरण्याची वेळ घरून निघतानाच ठरवा. वर गेल्यावर शिखर जवळ दिसतं, मन खोटं बोलायला लागतं. एक वाजला की जिथे असू तिथून खाली, असं ठरलं असेल तर वाद घालावा लागत नाही.

पुढच्या जूनमध्ये आम्ही तिघं पुन्हा गेलो. सकाळी सातला चढायला लागलो. माथ्यावर 1883 ते 1904 पर्यंत चाललेल्या वेधशाळेच्या पडक्या भिंतींना टेकून डबे खाल्ले. ज्या पठारावर मैत्रीण बसू पाहत होती तिथून खालचं तळं स्वच्छ दिसत होतं. निघण्याआधी घरमालकीणबाईंना कागदावर लिहून दिलं होतं, कोणती वाट, किती वाजता परत, आणि आठपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं. आईलाही या वेळी खरं सांगितलं, नोव्हेंबरसकट सगळं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “वर पोचलीस की फोन करू नकोस. खाली उतरलीस की कर.”

संध्याकाळी चार वाजता, दरीतल्या पुलावर, मी तिला फोन केला.