बुद्धिबळाचा गुरू घरोघरी

बुद्धिबळ हा गरिबालाही परवडणारा खेळ आहे. खडूने फरशीवर चौसष्ट घरे आखावीत, पुठ्ठ्याचे तुकडे कापून त्यांवर राजा, वजीर, हत्ती अशी नावे लिहावीत, की डाव मांडता येतो. महाग असतो तो या खेळातील गुरू. आपल्याहून बलवान खेळाडूशी नित्य खेळल्यावाचून कोणाचाही खेळ वाढत नाही. आणि असा खेळाडू निपाणी-चिकोडीकडील प्रत्येक खेड्यात कोठून मिळावा? या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पूर्वी ही विद्या माणसाकडून माणसाकडेच जात असे. आपल्याकडे खेळाचे नियमही निराळे होते. देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे जाई आणि राजाला एकदा घोड्याची उडी घेता येई. १९५५ साली एलुरू येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. तीत रामचंद्र सप्रे व डी. वेंकय्या हे संयुक्त विजेते ठरले. पुढे आंतरराष्ट्रीय नियम सर्वत्र रूढ झाले. हे नियम शिकवणारे कोणी जवळ नसेल, तर घरी प्रवीण असलेला मुलगाही स्पर्धेत गोंधळून जाई. आपल्या शेजारच्या सांगलीचे भाग्य असे, की तेथे भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ साली नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापन केले आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलामुलींस खेळास बसवले. स्वाती घाटे यांच्यासारखी महिला ग्रँडमास्टर त्याच गावची. एका मंडळामुळे एक गाव पुढे आले. परंतु प्रत्येक गावाला असे मंडळ लाभत नाही.

आता संगणकाने या कामी हात पुढे केला आहे. १९९७ साली ‘डीप ब्लू’ या यंत्राने जगज्जेत्या कास्पारॉव्हला हरवले, तेव्हा ते कपाटाएवढे अवाढव्य यंत्र होते. आज त्याहून बलवान खेळणारी आज्ञावली साध्या मोबाइल फोनवर चालते. तिचे नाव ‘स्टॉकफिश’. नॉर्वेच्या टोर्ड रोमस्टाड यांच्या ‘ग्लाउरुंग’ या आज्ञावलीवरून इटलीच्या मार्को कोस्ताल्बा यांनी २००८ साली ती सिद्ध केली. स्टॉकफिश म्हणजे सुकवलेला मासा. नॉर्वेत सुकवावा आणि इटलीत रांधावा, असा या नावातील विनोद. सुक्या मासळीवर पावसाळा काढणाऱ्या आम्हा कोंकणी माणसांना तो लगेच उमगतो! एकदा साठवून ठेवली की लागेल तेव्हा उपयोगी पडते, हा गुण मासळीचा तसाच या आज्ञावलीचाही आहे.

हा गुण आपल्या दृष्टीने फार मोलाचा होय. आज्ञावली एकदा यंत्रावर आली, की तिला इंटरनेटची गरज उरत नाही. घरात एकच फोन, तो दिवसभर वडिलांबरोबर कामावर. आई विड्या वळून संसाराला हातभार लावते आणि रिचार्ज संपला की महिनाअखेरपर्यंत वाट पाहावी लागते, अशी घरे आपल्या भागात थोडी नाहीत. अशा घरातील मुलाला आज्ञावली पेनड्राइव्हवर किंवा मेमरी कार्डावर नेऊन देता येते. तिचा आकार शंभर मेगाबाइटांच्या आसपास असतो. म्हणजे लहानशा पेनड्राइव्हवरही ती सहज मावते. मात्र स्टॉकफिश केवळ विचार करते, पट दाखवीत नाही. पटासाठी संगणकावर ‘सिड’, तर अँड्रॉइड फोनवर ‘ड्रॉइडफिश’ यांसारखी मुक्त आज्ञावली जोडीला लागते. थोरांचे डावही सोबत देता येतात. १९९३ साली ठरलेल्या ‘पीजीएन’ या पद्धतीत डाव साध्या अक्षरांत लिहितात. त्यामुळे हजारो डाव अगदी थोड्या जागेत बसतात.

येथे कोणी विचारील, की अशी नक्कल करून वाटणे ही चोरी नव्हे काय? प्रश्न योग्य आहे. विकत घ्यावयाच्या आज्ञावलीची गुपचूप नक्कल करणे ही चोरीच होय. परंतु स्टॉकफिशच्या कर्त्यांनी ती ‘जीपीएल’ या परवान्याखाली दिली आहे. त्यानुसार ती कोणीही वापरावी, तिची मूळ संहिता अभ्यासावी, तीत बदल करावा आणि ती इतरांस वाटावी. अट एवढीच, की घेणाऱ्यालाही हेच सर्व हक्क मिळाले पाहिजेत. म्हणून परवाना व मूळ संहिता त्याला उपलब्ध करून द्यावी लागते. ही अट नावापुरती नाही. तिचा भंग झाला म्हणून स्टॉकफिशच्या कर्त्यांनी २०२१ साली चेसबेस या जर्मन कंपनीविरुद्ध न्यायालयात दावा लावला. नोव्हेंबर २०२२ मध्ये समेट झाला, तेव्हा परवान्याच्या पालनावर लक्ष ठेवणारा अधिकारी नेमण्याचे कंपनीने मान्य केले. तात्पर्य, मोफत आणि मुक्त हे दोन शब्द एक नव्हेत. मोफत वस्तू उद्या महाग होऊ शकते. मुक्त वस्तूची वाटणी कोणाला थांबवता येत नाही.

वाटणाऱ्याने काही पथ्ये पाळावीत. आज्ञावली कर्त्यांच्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावी. पेनड्राइव्ह व्हायरससाठी तपासावा. परवान्याची प्रत बरोबर ठेवावी. आणि वापराची माहिती एका कागदावर मराठी व कानडी अशा दोन्ही भाषांत लिहून द्यावी. ते अवघडही नाही. आपला हत्ती कानडीत आने, घोडा कुदुरे आणि उंट ओंटे. भाषा बदलली तरी पटावरचे प्राणी तेच राहतात. सीमाभागातील मुलांना हे सांगण्याची गरज नाही. ती दोन्ही शब्द गल्लीतच शिकतात.

शेवटी शिकणाऱ्यांस एक सूचना. यंत्र उत्तम खेळी दाखवते, पण ती का उत्तम, हे समजावून सांगत नाही. म्हणून आपला डाव वहीत लिहावा, चूक कोठे झाली ते आधी स्वतः शोधावे आणि मगच यंत्राला विचारावे. आरंभीच उत्तर पाहणाऱ्याची स्थिती गणिताच्या पुस्तकाची शेवटची पाने पाठ करणाऱ्यासारखी होते. आणि यंत्राशी खेळून झाल्यावर शेजारच्या मित्राला हाक मारावी, त्याच्या फोनवरही ती आज्ञावली घालून द्यावी. खेळायला बरोबरीचा गडी हवा असेल, तर तो आपणच तयार केला पाहिजे.